पहिल्या बाकावरची गैरहजर

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैतली सकाळ. कळंब्याच्या दोन खोल्यांच्या घरात तव्यावर भाकरी फुगत होती. पंचाक्षरी शिरोलीच्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला निघाला होता आणि सायकलीला डबा अडकवत होता. त्याची बायको शांतादेवी लेकीच्या वेण्या घालत होती, कानांवरून घट्ट. वेण्या झाल्यावर तिनं लेकीचं तोंड आपल्याकडं वळवलं.

"कुणाला सांगू नको हं. कॉलेजात तर अजिबात न्हाय."

"कळलं की अव्वा. रोज किती येळा सांगशील?"

विद्याश्रीचा आवाज जरा सपाट होता, हवा त्यापेक्षा मोठा. नवव्या वर्षी मेंदूज्वरात तिचे दोन्ही कान गेले. बोलायला ती आधीच शिकली होती, म्हणून बोलणं तेवढं राहिलं. समोरच्याचे ओठ वाचून तिनं मराठी सांभाळली आणि घरची कानडीही. मागून हाक मारली तर वळत नाही म्हणून गल्ली तिला गर्विष्ठ म्हणायची. आईबापांना ते चालत होतं. गर्विष्ठ पोरीला स्थळं येतात, बहिरीला येत नाहीत. लपवायची ही रीत त्यांनी लेकीच्या भल्यासाठीच पाळली. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

बारावी ती पुस्तकांच्या आधारानं चांगल्या मार्कांनी पास झाली. शहरातल्या एका कॉलेजात बी.ए.ला प्रवेश मिळाला, तेव्हा पंचाक्षरीनं फाउंड्रीत पेढे वाटले. पोरगीला शिक्षिका व्हायचं होतं.

इतिहासाचे प्राध्यापक सयाजीराव इंगवले चांगले शिकवायचे. माणूसही वाईट नव्हता. पण शिकवताना ते सारखे चालायचे, निम्मा तास फळ्याकडं तोंड करून बोलायचे आणि नोट्स सांगायच्या त्या खिडकीबाहेर बघत. हजेरी तर मान खाली घालून, इंग्रजी आकड्यांत, भराभर. विद्याश्रीचा नंबर एक्केचाळीस. शेजारी बसणाऱ्या मोनाला एकटीला तिचं गुपित ठाऊक होतं. चाळीस नंबरचा 'यस सर' म्हणाला की ती कोपरानं ढोसायची.

"म्हण की महाराणी! एक दिवस मला डुलकी लागली तर काय करशील गं?"

दिवाळीत मोनाचं लग्न ठरलं आणि ती यायची बंद झाली.

मग विद्याश्री सरांच्या ओठांवरून आकडे मोजू लागली. पण खाली घातलेल्या मानेतून ओठ दिसणार किती? एकदा ती दोन नंबर आधीच 'यस सर' म्हणाली. सरांनी मान वर केली.

"थर्टी नाइन मुलगा आहे. कुणाची प्रॉक्सी लावतेस? पुन्हा सापडलीस तर वर्गाबाहेर!"

"आयला सोमेश, वेण्या कवा घातल्यास रं?" मागून कुणीतरी एकोणचाळीस नंबरच्या पोराला ओरडलं. वर्ग खिदळला. तिला विनोद कळला नाही. उघडी तोंडं मात्र सगळी दिसली.

त्या दिवसापासून ती हजेरीला गप्प बसायची. पहिल्या बाकावर, रोज, वही उघडून.

फेब्रुवारीत नोटीस बोर्डावर यादी लागली. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता येणार नाही अशा विद्यार्थ्यांत एक्केचाळीस नंबर होता.

दुसऱ्या दिवशी पंचाक्षरी रजा टाकून, धुतलेला सदरा घालून लेकीबरोबर कॉलेजात आला. प्राचार्यांच्या दाराशी गुंडू शिपाई बसला होता.

"पावणं, कुणाचा वशिला हाय? न्हाय? मग बसा तासभर."

तासाभरानं आत बोलावलं. इंगवले सरही येऊन उभे राहिले.

"सायेब, लेकराला ऐकू येत न्हाय," पंचाक्षरी म्हणाला. नऊ वर्षांत हे वाक्य त्यानं परक्या माणसापुढं पहिल्यांदा उच्चारलं. बोलताना तो जमिनीकडं बघत होता. त्यामुळं आपल्या बापानं काय सांगून टाकलं, हे विद्याश्रीला कळलंच नाही.

"मग आधी का नाही सांगितलं?" प्राचार्य म्हणाले. "आणि असं असेल तर मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घालायचं. इथं एका वर्गात शंभर पोरं. हिच्यासाठी काय वेगळं कॉलेज काढू?"

"वेगळं नगं सायेब. ती हितंच हुती की रोज. वह्या तरी बघा."

इंगवले सरांनी वही उघडली. प्रत्येक तासाची तारीख होती. वाक्यं मात्र मध्येच तुटलेली. तुटलेल्या जागी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'सर फळ्याकडं.' 'सर खिडकीकडं.' 'सर मागं गेले.' पुस्तकात शोधून तिनं पेन्सिलीनं त्या जागा भरल्या होत्या, सापडल्या तेवढ्या. काही पानांवर इतिहास थोडा आणि मोकळी जागाच जास्त.

पोरगी एक दिवसही चुकली नव्हती, हे सरांना कळलं. पण तसं म्हणायचं तर वर्षभर आपण मान वर केली नाही, हेही म्हणावं लागणार होतं.

"काय इंगवले? काही करता येईल?" प्राचार्यांनी विचारलं.

सर वहीतच बघत राहिले. "नियम सर्वांना सारखा, सर."

"अप्पा," विद्याश्रीनं बापाची बाही धरली, "सर काय म्हणाले?"

पंचाक्षरीनं तोंड तिच्याकडं वळवलं. "घरला चल."

एकदा उघड झालेली गोष्ट झाकली जात नाही. आठवड्यात गल्लीभर झालं. निपाणीचं एक स्थळ बोलणी चालू असताना गप्प झालं. शांतादेवी नवऱ्याला म्हणाली, "बोलून घालवलंसा समदं. परीक्षा न्हाय, लगीनबी न्हाय." एप्रिलमध्ये विद्याश्रीला आजऱ्याला मावशीकडं धाडलं. तिथं काजूच्या कारखान्यात बायकांना काम मिळत होतं.

जूनमध्ये कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं. हजेरी घेताना एक्केचाळीसला कुणी मुलगा 'यस सर' म्हणाला, की सरांचं पेन थांबायचं. महिनाभर थांबत राहिलं. शेवटी कळंब्याला तिच्या घरी पत्ता विचारून एका रविवारी ते एसटीनं आजऱ्याला गेले.

शेडमध्ये बायका टरफलं फोडत बसल्या होत्या. टरफलांच्या तेलानं विद्याश्रीचे हात काळे पडले होते, बोटांची कातडी सोलली होती. शेजारच्या बनाबाईनं तिचा खांदा हलवून दाराकडं बोट केलं.

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. तोंड तिच्याकडं करून सावकाश बोलले. "चूक माझी होती. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. परत ये. मी तुझ्याकडं बघून शिकवीन."

तिनं शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

"तुमचं आख्खं बोलणं आज पहिल्यांदा कळलं, सर," ती म्हणाली. "पर आता न्हाय येत."

"का?"

"अप्पाला परत त्या केबिनीत हुभं राहायला लागंल."

ती पुन्हा टरफलांकडं वळली. मग काही आठवल्यासारखं तिनं मान वर केली. "यंदाच्या वर्गात माझ्यासारखं कुणी हाय का, सर?"

नव्या वर्गाची हजेरी सरांनी महिनाभर रोज घेतली होती. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला फळा दिसत नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

विद्याश्री जरा पुढं वाकली, त्यांच्या ओठांकडं टक लावून.

"परत सांगा की सर," ती म्हणाली, "मला वाचता आलं न्हाय."