मुळावर

शेजारचे मास्तर आपल्या मुळावर उठलेत, असं बाबा म्हणायचे. बाबांचं बोलणं शब्दशः घ्यायचं नसतं. पण मला सुट्टी होती, म्हणून घेतलं.

प्रकरण लॉनचं. बाबांचं मऊ, बारीक गवत हरळीनं गिळलं होतं, आणि जिथे हरळी नव्हती तिथे टक्कल. हरळी कुंपणाखालून, म्हणजे मास्तरांकडून येते, हे बाबांनी लॉनवरच्या आरामखुर्चीतून न उठता सिद्ध केलं. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. मास्तरांशी चाललेला माझा बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला, तोही मी जिंकत असताना. हे मी विसरणार नव्हतो.

"मूळ शोध," बाबा म्हणाले. "ज्याच्या हद्दीत सापडेल त्याची जागा उन्हाळाभर काळ्या प्लास्टिकखाली. तडफडून मेली पाहिजे."

"हरळी की मास्तर?"

"जे आधी होईल ते."

आधी मी कुदळीनं हरळीची खांडोळी केली. सूड म्हणून उत्तम, बागकाम म्हणून भिकार. हरळीचा तुकडा मरत नाही, वेगळं बिऱ्हाड करतो. आठवड्यात सगळे तुकडे सुखानं नांदू लागले.

मग कुंपणापाशी एक जाड धुमारा पकडला आणि न तोडता, खुरप्यानं माती उकरत त्याच्या मागे निघालो. मास्तर कुंपणावर हनुवटी टेकून बघत होते. धुमारा जाड होत चालला होता. फक्त दिशा गडबडत होती.

"बाळा," मास्तर म्हणाले, "तू घरी चाललायस."

धुमारा बाबांच्या खुर्चीखाली शिरला. तिथे हरळीचा नुसता गड्डा होता, खुर्चीच्या चारही पायांना बिलगलेला. बाबा रोजचा उरलेला चहा तिथेच ओतायचे. लेकराला पाजावा तसा.

"बाबा, मुळावरून उठा."

"मी नाही उठत."

इतके दिवस मुळावर उठलेला माणूस शोधत होतो, आणि हा बसलेला निघाला.

मास्तर प्लास्टिकची गुंडाळी घेऊन कुंपण ओलांडून आले. ती त्यांनी कधीपासून तयार ठेवली होती, हे मी विचारलं नाही. दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. बाबा खुर्चीचे हात घट्ट पकडून बसले.

"ह्यांच्या भोवतीनं कापायचं," मास्तरांनी विचारलं, "की वरून घालायचं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला.

"वरूनच घाला, भाऊजी."