दोन नंबरचं बटण

अप्पा उपाध्यांनी रिमोटवरचं दोन नंबरचं बटण दाबलं, की त्यांची बायको त्रिशलाबाई बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत येऊन बसायची. त्या वेळी त्रिशलाबाई देवघरातही असायच्या.

टीव्हीवर कोण काय बघतं ते मोजणाऱ्या एका संस्थेनं सांगलीतली मोजकीच घरं निवडली होती, त्यांत उपाध्यांचं एक. टीव्हीखाली छोटीशी पेटी बसली, तिचा रिमोट वेगळा. बघायला बसताना अप्पांनी एक दाबायचं, बाईंनी दोन. "तुमचं एक घर म्हणजे अकरा हजार घरं," संस्थेचे नाईकनवरे म्हणाले होते, आणि अप्पांची छाती तेव्हा फुगली ती फुगलीच. पण सातच्या मालिकेला बाईंचं सामायिक असायचं. जैनांचा रोजचा नेम, अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर जप. उठायचं नाही, बोलायचं नाही. महिनाभर दोन नंबर कोरा राहिला. कोरं घर यादीतून काढतात म्हणे. तेव्हा अप्पांनी बाईंच्या वतीनं दाबलं, एवढंच.

पहिल्या दिवशी खुर्चीतली नुसती बसली. तिसऱ्या दिवशी हसली. आठवडाभरात ती मालिकेतल्या सासूला नावं ठेवू लागली, आणि अप्पांना ते इतकं पटायचं, की ते मांडीवर थाप मारायचे. देवघरात सगळं ऐकू यायचं. माळेचा मणी बोटांतून निसटायचा, बाई पुन्हा पहिल्यापासून धरायच्या. सामायिक सुटलं की लगबगीनं बाहेर. खुर्ची रिकामी, बैठक मात्र ऊबदार.

"अहो, ती कोण?"

"कोण म्हणजे? तूच. आकड्यात आलीयस."

"मी नाही बघत ती मालिका."

"तुला आवडते गं. चौथा आठवडा चालूय."

पुढं पुढं सामायिक सुटल्यावरही ती उठेना. बाईंचा चष्मा तिच्या नाकावर दिसू लागला. शेजारची सून दारातून हाक मारायची, "काकू, येऊ का?" आणि खुर्चीतली म्हणायची, "ये की." बाई स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात नुसत्या येरझाऱ्या घालायच्या. कुणी त्यांना 'बस' म्हणत नव्हतं.

गुरुवारी सव्वासातला नाईकनवरे तपासणीला आले. त्यांनी बाहेरची डोकी मोजली, देवघरात डोकावून मोजलं, आणि कागदावर पेन टेकवून थांबले.

"घरात दोन माणसं लिहिलीत, अप्पा. तीन दिसतात."

"मोजण्यात चूक झाली असेल."

"आकडा चुकत नाही हो. माणसं चुकतात. एक कमी करावं लागेल. कुठलं ठेवायचं, बोला."

देवघरात बाईंचा मणी पुन्हा निसटला. अजून अर्धा तास बाकी होता. तीस वर्षांत तापातसुद्धा त्यांनी सामायिक मोडलं नव्हतं. बाहेर अप्पांनी खुर्चीकडं पाहिलं. मग म्हणाले, "जी बघते, ती."

पेन कागदावर चालू लागलं.

"अहो," बाई आसनावरूनच म्हणाल्या, "मी इथं आहे."

कुणी वळलं नाही. खुर्चीतलीनं पडद्यावरची नजरही काढली नाही.

"आत टीव्ही चालू राहिलाय वाटतं," ती म्हणाली. "बंद करा बघू."

अप्पा उठले, देवघराच्या उंबऱ्यात आले, आणि हात लांब करून त्यांनी बाईंच्या चेहऱ्यावर रिमोट रोखला.