मधोमध लाल

अंजूरच्या सुरैयाबाईंची खाडीकडची खाचरं कधी कापायची, ते वीस वर्षं भागीच ठरवत आली होती. डोंगराकडच्या पाड्यावरून ती मजुरीला यायची. बांधावरून एकवार नजर फिरवायची, चार लोंब्या खुडून दाणा दाताखाली फोडायची आणि दिवस सांगायची. तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

एक्याण्णवच्या दिवाळीनंतर तिने सांगितलं, "सोमवारी विळा लावा."

दुसऱ्याच दिवशी केसरीनाथ आले. ते शेतीवर संशोधन करायचे आणि महिनाभर शेजारच्या नव्या गोदामाच्या छतावरून भाताचे फोटो काढत होते. त्यांची फिल्म वेगळी होती. हिरवं पीक तिच्यात लाल उमटे, पिकलेलं फिकट निळसर. मुंबईहून धुऊन आणलेले फोटो त्यांनी ओट्यावर मांडले. मोठ्या खाचराच्या कडा निळसर होत्या, मधोमध मात्र लालभडक.

"मधलं अजून कच्चं आहे, बाई. दहा दिवस तरी थांबा."

"कागदाला काय ठावं?" भागी म्हणाली. "मी दाणा चावलाय."

"मधला चावलास?" सुरैयाबाईंनी विचारलं.

भागी ओचा खोचून सरळ खाचरात शिरली. केसरीनाथ मागोमाग गेले. मधल्या सखल भागात पाणी रेंगाळलं होतं, चिखल घोट्यापर्यंत आला. तिने हाताने चाचपत लोंबी धरली, दाणा चावला. जिभेवर कच्च्या दाण्याचं दूध उतरलं.

दोन वर्षं तिला हिरवं-पिवळं सगळं धुक्यासारखंच दिसत होतं. गेल्या साली बांधावरून पडल्यापासून ती आत शिरायची नाही, कडेच्याच लोंब्या खुडायची. हे कळलं तर कामाला कोण बोलावणार, म्हणून तिने घरीही सांगितलं नव्हतं. आता खोटं बोलणं अवघड नव्हतं. साहेबांना दाण्यातलं काही कळत नव्हतं.

तिने दाणा थुंकला. "दूध हाय. फोटो खरा हाय, साहेब."

बांधावर येऊन तिने सुरैयाबाईंना बाकीचंही सांगितलं.

"दोन वर्षं?" बाई भडकल्या. "आणि विळा घेऊन माणसांत उभी राहतेस? कुणाचा हात गेला असता म्हणजे?"

"भ्या वाटलं, बाय."

सोमवारी कडा कापल्या, मधलं अकरा दिवसांनी. मधला दाणा चांगला भरला. केसरीनाथांनी वहीत तारखा टिपल्या. त्यांचं काम त्या हंगामापुरतंच होतं, ते परत आले नाहीत.

पौषात सुरैयाबाई स्वतः रिक्षात घालून भागीला भिवंडीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर तिने आधी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. बराच वेळ पाहत राहिली.

डाव्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी उन्हाळ्यात बोलावलं होतं. ती गेली नाही. "एकानं भागतंय," म्हणाली.