लिटरला बावीस

सोमवारी सकाळी चहा घेता घेता दैवशालाबाईंनी अट सांगून टाकली. दिनकररावांच्या गाडीनं लिटरला बावीस किलोमीटर दिले, तर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाईन. कमी दिले, तर एकदाच.

"आन् दाक्तरनं दोनदा सांगितलंय, त्याचं काय?" लेकानं, परमेश्वरनं विचारलं.

"दाक्तरला काय, तो दवाखान्याच्या माडीवरच राहतो. त्याला कुठं पेट्रोल लागायलंय?"

त्याचे वडील अण्णा हसले. परमेश्वरला हसू आलं नाही. माय थट्टेत बोलत असली तरी बोललेलं पाळणारी होती, हे त्याला ठाऊक होतं.

डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असायचं, पण गेल्या दोन महिन्यांत ती चार गुरुवार घरी बसली होती. एकदा गुडघे दुखत होते, एकदा पाहुणे यायचे होते, दोनदा कारण सांगायचेही कष्ट तिनं घेतले नाहीत. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. डायलिसिस सरकारी योजनेतून फुकट व्हायचं, पण बोरीहून परभणी पंचवीस किलोमीटर आणि तेवढंच परत. एसटीनं जाऊन पाहिलं होतं. अण्णा एसटीतूनच निवृत्त झालेले, कंडक्टर ओळखीचे, जागाही मिळायची. पण एकदा झरीच्या थांब्यावर गर्दीत कुणाचं तरी गाठोडं तिच्या सुया टोचलेल्या हातावर आदळलं आणि रक्त थांबता थांबेना. तेव्हापासून शेजारच्या तात्यारावांची जीप भाड्यानं घेत होते. पेट्रोल-डिझेलचे दर महिन्यात तिसऱ्यांदा वाढले तसं तात्यारावांनीही भाडं वाढवलं. त्यांचाही नाइलाज होता. वाढीव भाडं ऐकलं त्या दिवसापासून मायचे गुरुवार चुकायला लागले.

महिन्याभरापूर्वी असाच एक गुरुवार चुकला तेव्हा शनिवारी तिच्या पायांवर सूज आली. रविवारी तिला आडवं पडून श्वास घेता येईना. दिवसभर ती भिंतीला टेकून बसून राहिली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "उकाडा लय हाय" म्हणून सांगत राहिली. परमेश्वर त्या दिवशी खताच्या दुकानात गेला नाही. तिच्या छातीचा भाता वरखाली होताना बघत तो समोर बसला होता, आणि तेव्हाच त्यानं ठरवलं की घरची गाडी घ्यायची.

पण कोणती? महिनाभर तो तेवढंच विचारत फिरला. सीएनजीची गाडी सगळ्यात स्वस्त पडते असं सेलूचे व्यापारी सांगायचे. पण बोरीत सीएनजी नव्हता आणि परभणीच्या पंपावर रांग लागायची. डायलिसिस होऊन थकलेल्या बाईला घेऊन रांगेत तासभर थांबायचं, ही कल्पनाच त्याला नको वाटली. जुनी डिझेल गाडी तात्यारावांनी सुचवली आणि तिचं इंजिन किती वेळा उघडलंय हे सांगायचं टाळलं. बॅटरीच्या गाडीचं नाव काढलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आपल्या इथली लाइट बघितलीस का? विहिरीच्या मोटारीला पुरत न्हाई, ती गाडीला पुरंल?"

राहिली दिनकररावांची लहान पेट्रोल गाडी. दिनकरराव तलाठी म्हणून निवृत्त झालेले, आता मुलाकडे पुण्याला निघालेले. गाडी सात वर्षांची, पण जपून वापरलेली. "बावीसचं अ‍ॅव्हरेज हाय," ते म्हणाले होते, "माझ्यावर विश्वास नसंल तर एक दिवस घेऊन जा, रामहरी. तुला काय शिकवायचं?"

खरंच शिकवायचं नव्हतं. रामहरी, म्हणजे अण्णा, जिंतूर डेपोत एकोणतीस वर्षं डायवर होते. डेपोत दर महिन्याला फळा लागायचा. कोणत्या डायवरनं दहा लिटरमध्ये किती किलोमीटर गाडी नेली, ते नावापुढं लिहिलेलं असायचं आणि तळाची नावं लाल खडूनं. अण्णांचं नाव कधी लाल झालं नाही. डिझेल वाचवल्याबद्दल तीनदा सत्कार झाला. तिन्ही नारळ घरात फोडले आणि तिन्ही प्रशस्तिपत्रं फ्रेम करून लावली. उतार आला की पाय कधी उचलायचा, गतिरोधक किती लांबून ओळखायचा, हे त्यांच्या अंगातच भिनलं होतं.

गावच्या पंपावर अण्णांनी टाकी काठोकाठ भरली. गाडी हातानं हलवून हलवून आतली हवा काढली, पुन्हा थोडं घातलं. चाकांची हवा तपासली. डिकीतली चटई, छत्री, दिनकररावांचे जुने कागद असं सगळं खाली उतरवून पंपाच्या खोलीत ठेवायला दिलं. खिशातल्या छोट्या वहीत किलोमीटरचा आकडा लिहिला.

"परत येताना इथंच, ह्याच नळीनं भरायचं," ते पंपवाल्याला म्हणाले. "नळी बदलली की माप बदलतंय."

मागच्या सीटवरून माय म्हणाली, "माझं वजन केलं न्हाई का? उतरू का थोडी?"

"तू बस. तुझं वजन धरलंय."

जाताना सगळं ठीक झालं. सकाळची वेळ होती, अण्णांनी काटा पन्नासच्या पुढं जाऊ दिला नाही, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हात करून पुढं जाऊ दिलं. साडेआठला मायला मशीनवर घेतलं. परमेश्वर चार तास बाहेरच्या बाकावर बसला. आत मायचं रक्त नळीतून मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं; बाहेर अण्णा सावलीत लावलेल्या गाडीभोवती फेऱ्या मारत होते.

साडेबाराला सिस्टरनं मायला बाहेर आणलं. "आज पाणी जास्त काढावं लागलं," ती परमेश्वरला म्हणाली. "मागचा गुरुवार चुकवला ना? बीपी खाली आहे. उन्हात फिरवू नका. चक्कर आली तर आडवं करा, पाय वर. आणि गुरुवारी नक्की या."

"येतो," परमेश्वर म्हणाला. मायनं ऐकलं नाही असं दाखवलं.

मे महिना होता. गाडीचं दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. परमेश्वरनं पुढं बसल्या बसल्या एसीचं बटण फिरवलं. अण्णांनी ते परत फिरवून बंद केलं.

"काय करायलास? माप बिघडंल."

"अण्णा, ऊन बघा की."

"अर्धा तास तर लागतोय. जाताना बिगर एसी, येताना एसी, मंग कशाचं माप निघायचं?"

"मंग काचा तरी खाली करतो."

"बोटभर कर. पूर्ण खाली केल्या की वारं आत भरतंय, गाडीला मागं ओढतंय."

परमेश्वर मागं वळला. मायनं पदर डोक्यावरून पुढं ओढला होता. "माय, गरम होतंय का?"

"न्हाई रे. बरं वाटायलंय. तुज्या अण्णाला नीट चालवू दे."

तो पुढं वळून बसला. गाडी शहराबाहेर पडली. बोटभर फटीतून येणारी हवा कानशिलं भाजत होती. अण्णा दोन्ही हात चाकावर ठेवून, पाय अंड्यावर ठेवावा तसा दाबत होते. समोर ट्रॅक्टर दिसला की शंभर पावलांवरूनच पाय उचलत होते, म्हणजे ब्रेक मारायला नको. परमेश्वरला त्यांचा राग येत होता आणि रागावता येत नव्हतं. ते हे कुणासाठी करत होते? आकडा बावीसच्या वर गेला तर माय गुरुवारी गाडीत बसणार होती. तेवढ्यासाठीच तर ते घामानं निथळत होते.

पाच किलोमीटरवर त्यानं पुन्हा विचारलं, "माय, पाणी?"

"दोन घोट घेतलेत सकाळपासून. लय झालं." तिला दिवसभराचं पाणी मोजून होतं.

दहा किलोमीटरवर तो म्हणाला, "अण्णा, पाच मिनिटं एसी लावू. पाचच."

अण्णांनी उत्तर द्यायच्या आधी मागून मायच बोलली. "लावू नको म्हणतीय ना? एवढ्यासाठी माप कशाला घालवायचं?" आवाज बारीक होता, पण हुकूमच होता तो.

झरी मागं पडलं. परमेश्वरनं आरसा आपल्याकडं फिरवून घेतला. त्यात मायचा अर्धा चेहरा दिसत होता. ओठांवरचा रंग गेला होता. घाम मात्र नव्हता. मघाशी होता, आता नव्हता.

"माय?"

तो मागं वळला.

"माय! ए माय!"

पदर खांद्यावर घसरला आणि डोकं काचेला जाऊन टेकलं.

"अण्णा, थांबवा!"

अण्णांनी एकोणतीस वर्षांत मारला नसेल असा ब्रेक मारला. गाडी लिंबाच्या झाडाखाली कडेला घासत थांबली. परमेश्वर उडी मारून मागं गेला, मायला सीटवर आडवं केलं, तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले. पाय गार होते. एवढ्या उन्हात गार. त्यानं तिचं मनगट धरलं आणि घाबरून सोडलं. सुया टोचलेला तोच हात होता. दुसरा धरला. नाडी लागत होती की त्याच्याच बोटांत ठोके पडत होते, हे त्याला कळेना.

"एसी लावा! लावा ना!"

अण्णांचा हात बटणावर गेला, बटण उलटं फिरलं, मग सुलटं. इंजिनचा आवाज जड झाला. अण्णांनी काचा बंद केल्या, गळ्यातला गमछा बाटलीतल्या पाण्यानं ओला केला आणि मागं वळून तिच्या कपाळावर ठेवला.

"दैवशाला," ते म्हणाले. "अगं, दैवशाला."

परमेश्वरनं त्यांना तिचं नाव असं लागोपाठ घेताना कधी ऐकलं नव्हतं. त्यानं सिस्टरला फोन लावला. सिस्टर म्हणाली पाय वरच ठेवा, दहा मिनिटांत शुद्धीवर आली नाही तर ताबडतोब परत आणा. त्यानं घड्याळ बघितलं. एक मिनिट. दोन. रस्त्यावरून एसटी गेली आणि गाडी हलली. तीन. अण्णा गिअरवर हात ठेवून, गाडी परभणीकडं वळवायच्या तयारीत बसले होते.

पाचव्या मिनिटाला मायनं डोळे उघडले. छताकडं बघितलं, मग एसीच्या जाळीकडं.

"कुणी लावलं हे?"

"मी," अण्णा म्हणाले.

"बंद करा. माप..."

"मापाचं मी बघतो. तू गप पड."

ती गप पडली. अण्णांनी गाडी लगेच काढली नाही. लिंबाखाली अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. तिच्या ओठांवर रंग परतेपर्यंत, ती स्वतः उठून बसेपर्यंत आणि "निघा आता, पोरगी वाट बघत आसंल" म्हणेपर्यंत. ही पोरगी म्हणजे पिंकी, परमेश्वरची लेक. बोरीपर्यंत एसी चालूच होता. परमेश्वर मागंच बसला, मायचं डोकं खांद्यावर घेऊन. तो मनातल्या मनात हिशेब करत होता आणि प्रत्येक किलोमीटरला तो हिशेब वाईट होत होता. उभ्या गाडीत अर्धा तास जळलेलं पेट्रोल कुठल्याच डायवरला वाचवता येत नाही. बावीस तर गेलेच. माय विचारणार होती. विचारल्याशिवाय राहणारी नव्हती ती.

पंपावर पंपवाल्यानं तीच नळी काढली. अण्णा खाली उतरले. पुन्हा गाडी हलवली, हवा काढली, काठोकाठ भरायला लावलं. परमेश्वरनं काचेतून बघितलं. यंत्रावर आकडा थांबला तो बरोबर तीन लिटरवर. परभणीतलं दवाखान्यापर्यंतचं धरून गाडी चोपन्न किलोमीटर फिरली होती.

अठरा.

अण्णांनाही वहीची गरज नव्हती. ते यंत्र आणि मागची काच यांच्या मधे येऊन उभे राहिले, पाठ यंत्राकडं करून. वही उघडली, पेन काढलं आणि आकडे लिहिले.

मायनं काच खाली केली. "किती पडलं?"

अण्णा खोटं बोलत नाहीत, हे माय सगळ्या पाहुण्यांना सांगायची. डेपोत एकदा त्यांच्याच मित्राचं माप कमी आलं तेव्हा त्यांनी तेच खरं म्हणून सांगितलं होतं आणि मित्र गमावला होता.

"साडेबावीस," अण्णा म्हणाले.

"एसी लावूनबी?"

"लावूनबी."

"एवढा वेळ हुबी होती तरी?"

"गाडी चांगली हाय. दिनकरराव खरं बोलला."

माय त्यांच्याकडं बघत राहिली. अण्णांनी नजर काढली नाही. तिनं एकदा मान वाकडी करून अण्णांच्या मागं काय आहे ते बघायचा प्रयत्न केला. अण्णा अर्धं पाऊल सरकले. तिथं फक्त त्यांचा घामानं भिजलेला सदरा दिसत होता.

"मंग घेऊन टाका," ती शेवटी म्हणाली आणि काच वर केली. "आन् गुरुवारी आठला निघू. ऊन व्हायच्या आत."

घरी आल्यावर तिला पंख्याखाली निजवलं. परमेश्वर गाडीतली वही आणायला गेला तेव्हा ती डायवरच्या सीटवर उघडी पडली होती. सकाळी लिहिलेला किलोमीटरचा आकडा वर होता. त्याखाली परतीचा आकडा होता, तीन लिटरही लिहिले होते. भागाकाराची रेघ ओढली होती, पण उत्तराची जागा कोरी होती. रेघेच्या खाली अण्णांनी त्यांच्या ठसठशीत अक्षरात एवढंच लिहिलं होतं: गुरुवार, सकाळी आठ.