टक्कल तेवढं फुकट

समोर नवं सलून उघडलं आणि मामांचं चित्त थाऱ्यावर राहीना. तिकडे काचेचं दार, आत गार हवा आणि भिंतीवर भलामोठा पडदा. गिऱ्हाईक बसलं की त्याचा फोटो निघायचा आणि कुठला कट कसा दिसेल ते कात्री लावायच्या आधीच पडद्यावर यायचं. मामांच्या केस कापायच्या दुकानात आपला एक आरसा, तोही कोपऱ्यात पारा उडालेला. गल्लीतली तरणी पोरं एकेक करून रस्ता ओलांडून गेली, तेही मामांनी सोसलं. पण परवा पोस्टमास्तर म्हणाले, "येत्या रविवारी जरा समोर जाऊन बघावं म्हणतो," आणि मामांच्या काळजात धस्स झालं.

पोस्टमास्तर म्हणजे मामांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नोकरीतून निवृत्त झालेले, बायको देवाघरी गेलेली, मुलगी परगावी. दर रविवारी सकाळी दुकानातल्या बाकावर पेपर वाचत बसायचे आणि दोनेक महिन्यांतून एकदा खुर्चीत. आता खुर्चीत बसून कापायचं काय, हा प्रश्नच होता म्हणा! डाव्या कानावरून निघालेल्या मोजक्या बटा टाळू ओलांडून उजव्या कानाशी टेकवायच्या, वर तेलाचा हात फिरवायचा, की झाली रचना. वारा सुटला की ती सगळी रचना उठून उभी राहायची. मामा बघून न बघितल्यासारखं करायचे. त्यातून मुलीचं लग्न ठरलेलं, आणि फोटोत आपलं डोकं कसं दिसेल याची मास्तरांना धास्ती.

"समोर कशाला जाताय?" मामा म्हणाले. "या रविवारी इथेच दाखवतो. आपल्याकडेही आलंय ते."

आलंय कसलं! आधी शब्द देऊन बसले, मग फोन हातात घेतला. पण शोधलं तर तसलं ॲप निघालं खरं. वर चांगलं ठळक अक्षरात 'मोफत'.

दुकानाच्या दुसऱ्या अंगाला मामी शिवणाचं मशीन घेऊन बसायच्या. चेन बदल, पँट आखूड कर, असली कामं. औषधाच्या बाटलीवरचं सगळं वाचल्याशिवाय चमचा न भरणारी बाई ती. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो, घेण्याआधी जरा खाली बघा. 'ॲपमधील खरेदी' असं लिहिलं असेल तर आत गेल्यावर पैसे मागतात. किती, तेही दिलेलं असतं."

"फुकट आहे म्हणतोय ना तो! तुला मेलं प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"मला खोट नाही दिसत, मला अक्षरं दिसतात."

झालं, एवढं ऐकल्यावर मामा कशाला खाली बघतायत! तावातावाने बटण दाबलं. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं, पण नाही. पुठ्ठ्यावर 'आधी बघा, मग कापा' असं लिहून पाटी दाराला टांगली, तीही समोरच्या काचेतून वाचता येईल अशी.

रविवारी मास्तर आले. मामांनी टॉवेल झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधला, बटा नीट बसवल्या आणि ऐटीत फोटो काढला. फोनवर केसांच्या नाना तऱ्हा ओळीने उमटल्या. आणि प्रत्येकीवर एक छोटं कुलूप.

मामांनी एक कुलूप दाबलं. आकडा आला. दुसरं दाबलं, त्याहून मोठा आकडा आला. मामा दोन माणसांचे केस कापून जेवढे घेत, त्याहून जास्त नुसता एक कट दाखवायचे! भांग डावीकडे पाडायचे वेगळे, उजवीकडे पाडायचे वेगळे. मिशी दाखवायचीही वेगळी.

"अरे, मिशीचे मी जन्मात कधी घेतले नाहीत!" मामा ओरडले.

मामी उठल्या. स्वतःच्या फोनवर त्याच ॲपचं पान काढलं, बोटाने खाली सरकवलं आणि मामांच्या नाकासमोर धरलं. "हे बघा. एका वस्तूला कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके. लपवलंय का कुणी?"

"फुकट फुकट म्हणत केसाने गळा कापला की गं माझा!"

"एखादं बिनकुलपाचं असेल की," टॉवेलात गुंडाळलेले मास्तर सोशिकपणे म्हणाले.

होतं. अगदी शेवटी, एकच. मामांनी घाईघाईत दाबलं आणि बघतात तो काय, पडद्यावर साक्षात मास्तर, डोक्यावर नावालाही केस नाही. चकचकीत, गुळगुळीत टक्कल.

मामा फोन लपवायला गेले, पण मास्तरांनी हात पुढे केला होता. मामांची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं जे सांगायचं टाळलं, ते त्या मेल्या यंत्राने तोंडावर फेकलं, आणि तेही फुकटात! गेले मास्तर हातचे, असंच त्यांना वाटलं.

मास्तरांनी फोन लांब धरला, जवळ धरला, मान वाकडी करून पाहिलं.

"बरा दिसतोय की हा."

"हो?"

"लग्नात शोभेल. मामा, माझं डोकं तुमच्याइतकं कुणी बघितलं नसेल. कधी बोलला का नाहीत?"

"भीती वाटायची हो. तुम्ही दुखावलात, यायचे बंद झालात, तर?"

"असंच करून टाका."

मामांनी ब्रश फिरवून फेस केला, डोक्याला लावला, वस्तरा उचलला आणि त्यांचा हात थबकला. वर मोफत, आत कुलूप. आपणही तेच करतोय की काय, असं त्यांच्या मनात आलं.

"थांबा मास्तर. आधीच सांगतो, मागाहून भांडण नको. हे एकदा करून भागत नाही. आठवड्याभरात खुंट वर येतात. दर रविवारी खुर्चीत बसावं लागेल आणि दर रविवारी पैसे मोजावे लागतील. आत्तापेक्षा कितीतरी जास्त जातील. नको असेल तर सांगा, फेस पुसून टाकतो, राग नाही."

मामींचं मशीन थांबलं. मामांना वाटलं, बोलून बसलो खरं, आता हे उठणार.

"दर रविवारी?" मास्तरांनी विचारलं.

"दर रविवारी."

"खुर्चीत?"

"मग काय बाकावर करू?"

मास्तरांनी आरशातूनच मामांकडे बघितलं. फेसाने माखलेलं डोकं, आणि डोळे एकदम भरून आलेले.

"तुम्हाला काय वाटलं, मी त्या पडद्यासाठी समोर निघालो होतो? कधीतरी केस कापायचे आणि एरवी रविवारभर तुमचा बाक अडवायचा. गर्दी होती तोवर खपून गेलं. दुकान रिकामं पडायला लागलं तसं ते मलाच खुपायला लागलं. घरात जीव रमत नाही, आणि इथे नुसतं बसायची लाज वाटते." त्यांनी मान ताठ केली. "यावंच लागणार असेल, तर लावा वस्तरा."