‘नभवेल’च्या दोन पिना

“मेला परत अडकला!” माझ्या जबड्यात सुरीचं टोक घालत विमलताई पुटपुटल्या.

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. मी एक जुना, जाडजूड स्टेपलर आहे. माझा जन्म चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. उमेदीची वर्षं सरकारी कार्यालयात फायली टोचण्यात गेली. तिथेच माझा हिरवा रंग उडाला, स्प्रिंग कुरकुरायला लागली, आणि एक दिवस मला भंगारात काढलं. विमलताई त्याच कार्यालयात. त्यांनी मला रीतसर मागून घेतलं आणि डब्याच्या पिशवीतून घरी आणलं.

तेव्हापासून मी ‘नभवेल’ बांधतो. बदलीवर इथे चंडीगडला आलेल्या मराठी कुटुंबांचं हे छोटंसं नियतकालिक. त्यात कविता असतात आणि अजून न घडलेल्या, कदाचित कधीच न घडणाऱ्या जगाच्या कथा. छापून आणलेल्या पानांचे गठ्ठे ताईंच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडायचे. मग सगळ्यांनी टेबलाभोवती फेऱ्या घालत एकेक पान उचलायचं आणि शेवटी माझ्यापाशी यायचं. खट, खट. डाव्या कडेला दोन पिना. पानांवर आकडे नसतात. आकड्याने कवितेचं पान विद्रूप दिसतं, असं ताईंचं ठाम मत.

या वेळच्या अंकात जाईची पहिली कथा होती. जाई म्हणजे आमच्यातल्याच गजाननरावांची मुलगी. वाढली इथेच, घरी मराठीत विचारलं तर उत्तर हिंदीत देते. पण कथा तिने मराठीत लिहिली, बाबांना पत्ता लागू न देता, एकेक शब्द ताईंना विचारून. इथल्या सुखना तलावाचं पाणी एका रात्रीत आभाळात निघून जातं आणि एक मुलगी ते बादलीबादलीने खाली आणते, अशी ती कथा.

आता घोटाळा ऐका. पानं लावायच्या दिवशी आमचे अच्युतकाका गरम भज्यांचं ताट घेऊन आले. ताटाला जागा करायला त्यांनी जाईच्या कथेचे दोन गठ्ठे उचलले आणि परत ठेवताना त्यांची अदलाबदल केली. मी समोरच होतो. पण माझं तोंड उघडतं ते चावण्यापुरतंच! फेऱ्या चालू राहिल्या, भजी संपली, आणि प्रत्येक अंकात पाणी आधी खाली आलं, मग वर गेलं.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या लक्षात आलं. त्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मोबाइलवर कौतुकं यायला लागली. ‘अप्रतिम.’ ‘वेगळीच शैली.’ आता कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून ताई गप्प बसल्या. गजाननरावांनी तर आख्ख्या ऑफिसला पेढे वाटले.

प्रत्येक अंकानंतर ताईंकडे अभिप्रायाची बैठक होते, तिच्याआधी जाई स्वयंपाकघरात येऊन ताईंना म्हणाली, “ताई, किसीने पढ़ी ही नहीं. अगली बार मेरा नाम मत डालना. मैं नहीं लिखूँगी.”

ताई साखरेच्या डब्यात उगाच चमचा फिरवत राहिल्या.

बैठक सुरू झाली. मला अंकांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलं होतं. माझी स्प्रिंग आतल्या आत तडतडत होती.

“काय तो काळाचा खेळ!” अच्युतकाका म्हणाले. “आधी तलाव भरतो, मग आटतो. वा, पोरी!”

“पक्का प्रयोग आहे, यार,” मोहालीहून आलेला निखिल म्हणाला. “आमच्या आयटीवाल्यांच्या डोक्यावरून जाईल, पण भारी!”

जाई सतरंजीचा दोरा ओढत होती. ताई दुसऱ्यांदा चहा विचारायला उठल्या. पहिला अजून कोणी संपवला नव्हता.

मित्रांनो, माझ्या शेपटीकडे एक चपटी जीभ आहे, पिना उपटायची. चुकलेलं सोडवता यावं म्हणून कारागिराने ती मुद्दाम दिलेली. इतकी वर्षं झाली, तिला कोणी हात लावला नाही. मला तेल नका घालू, रंग नका देऊ. पण कुणी जीव ओतून केलेलं काही तुमच्या हातात आलं, तर ते नीट बघा आणि जे दिसलं तेच सांगा. नुसतं ‘छान’ फार जोरात टोचतं हो. टोचायचा धंदा माझा आहे, मला कळतं.

पाळी गजाननरावांची आली. सगळे हसून त्यांच्याकडे बघू लागले. बाप काय बोलणार ते ठरलेलंच होतं. त्यांनी अंक उघडला, मिटला, परत उघडला.

“जाई,” ते हळूच म्हणाले, “पेढे वाटले तेव्हा मी वाचली नव्हती. मग वाचली. रोज वाचतोय. ती मुलगी पाणी आणते तिथे मला रडू येतं बघ. पण बाळा, खरं सांगू? मला कथा कळली नाही. पाणी जायच्या आधीच ती ते आणते कसं?”

जाईने मान वर केली. मग तिने हात लांब करून मला उचललं, आणि माझ्या शेपटीची जीभ अंकाच्या पहिल्या पिनेखाली सरकवली.