शेवट तोच राहील

प्रयोग संपून दिवे लागले, तशी अपेक्षा रंगमंचावरच्या स्टुलावर येऊन बसली आणि तिने ओठ मिटून घेतले. कसबा पेठेतल्या ‘नवा अंक’ नाट्यगृहाची ही रीतच होती. इथे फक्त नवी कोरी नाटकं व्हायची, आणि पहिल्या प्रयोगानंतर प्रेक्षकांनी बोलायचं, लेखकाने ऐकायचं. पुणेकराला नाटकापेक्षा हाच भाग जास्त आवडतो, आणि तो तसं लपवतही नाही.

आज सर्वांत आधी उठले यज्ञेश्वर दामले, जागेचे मालक. त्यांचा हा हॉल एका कॉम्प्युटर क्लासला हवा होता. पेठेत तेव्हा पोळीभाजी केंद्रांपेक्षा असले क्लास जास्त झाले होते.

“नाटक बरं आहे,” दामले म्हणाले. “पण म्हातारा बाप वाट बघत बसतो आणि मुलगी अमेरिकेहून परतच येत नाही, हे काही पटलं नाही. तिला आणा शेवटी. क्लासवाल्यांना मी नाही म्हणून सांगतो.”

अपेक्षाचं हे पहिलंच नाटक. तिच्याने राहवलं नाही.

“सर, बदलता येईल. एक छोटा प्रवेश...”

“तू ऐकायचंस,” विंगेतून सुनीती म्हणाली. नाट्यगृह तीच चालवायची. ती पुढे आली. “दामलेसाहेब, जागा तुमची आहे. नाटक हिचं आहे. शेवट तोच राहील.”

“मग महिनाअखेर कुलूप लावतो.”

“लावा. तोवर जितके प्रयोग होतील, त्यांतल्या एकातही ती येणार नाही.”

दामल्यांची मुलगी सुरुची कॅलिफोर्नियात असते आणि चार वर्षांत फिरकलेली नाही, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. सुनीतीलाही. तिला त्यांचं वाईट वाटलं, पण म्हणून ती मागे हटली नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या तिकिटाच्या टेबलासमोर दामले येऊन उभे राहिले. मालक म्हणून आजवर त्यांनी कधी तिकीट काढलं नव्हतं. आज त्यांनी नोट पुढे केली.

“एक द्या. उजव्या कोपऱ्यातली खुर्ची.”

“क्लासवाले काय म्हणतात?” सुनीतीने विचारलं.

“थांबलेत. तुम्ही तिकीट फाडा.”

तिने तिकीट फाडलं, पण लगेच हातात दिलं नाही.

“ती आजही येणार नाही, दामलेसाहेब.”

“माहीत आहे हो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “शेवटी तो म्हातारा दार उघडं ठेवून बसतो की लावून, तेवढं काल मला दिसलं नाही.”